पाच सीसी रक्ताची हकिगत

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून आणलेल्या माणसाचं रक्त काढताना त्याच्या दंडाला स्पिरिट लावायचं नाही. निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने जागा पुसायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अल्कोहोलचा कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. निदान पाच सीसी रक्त शिरेतून घ्यायचं आणि ते न गोठण्याचं व न नासण्याचं औषध असलेल्या बल्बमध्ये भरून जोरात हलवायचं. लेबल चिकटवायचं, बुचावर लाख ओतून आपली मोहोर उठवायची आणि सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोचेल अशा बेताने पाठवायचं. सोबतच्या 'ब' नमुन्यातल्या फॉर्मवर त्याच मोहोरेचा ठसा द्यायचा, म्हणजे पलीकडे बाटली उघडणाऱ्याला दोन्ही ठसे ताडून पाहता येतात.

हे सगळं १९५९ सालच्या मुंबई दारूबंदी वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांत लिहून ठेवलेलं आहे. सातारा जिल्ह्यात पुणे–बंगळूर हमरस्त्याला लागून असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. त्या नियमांचं पान माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचं. निवृत्तीनंतर मी जुने निकाल आणि कायद्याची पुस्तकं काढून बसले, कारण मला एक गोष्ट समजून घ्यायची होती. ज्या रक्तावर माणसाला तुरुंग होतो किंवा तो सुटतो, त्याची एवढी काटेकोर रीत कुणी आणि का घालून दिली?

उत्तर शोधायला रस्त्यावर नाही, दारूबंदीत शिरावं लागतं.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. पिणं हाच गुन्हा. पण हा कायदा राज्यघटनेच्या कसोटीला लागलाच. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला आणि एक वाट मोकळी ठेवली : अल्कोहोल असलेली औषधं घेण्यावर बंदी घालता येणार नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास, दक्षिण मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने तिघांना पाडलं. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका, राज्याच्या परिवहन खात्यातले अधिकारी. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डोळे लालसर होते आणि बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या होत्या. पण बोलणं सुसंगत होतं, वागणं ताळ्यावर होतं आणि सरळ रेषेत चालताही येत होतं. डॉक्टरांनी मत लिहिलं की यांनी कुठल्या तरी स्वरूपात अल्कोहोल घेतलं आहे, पण त्याच्या अमलाखाली ते दिसत नाहीत. पेसिकाका म्हणाले, मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. दंडाधिकाऱ्याने सोडलं, उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या कलमाखाली शिक्षा दिली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. सप्टेंबर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. पोटात गेलेलं अल्कोहोल औषधातलं नव्हतं, बंदी असलेल्या दारूतलं होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असा तो निकाल.

त्या डॉक्टरांच्या जागी मी स्वतःला अनेकदा ठेवून पाहिलं आहे. त्यांनी प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं. पण त्यांच्या हातात नाक, डोळे आणि जमिनीवरची एक रेषा याखेरीज काही नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हाही रात्री आणलेला ड्रायव्हर हमखास म्हणायचा, "मॅडम, खोकल्याचं औषध घेतलंय." हा बचाव किती जुना आणि कुठवर पोचलेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वासाने काम भागत नाही हे मुंबई सरकारने ओळखलं. १९५९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात वजन-आकारमानाच्या प्रमाणात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातलं होतं हे आता आरोपीने दाखवायचं. त्याच दुरुस्तीने पोलिसांना माणूस डॉक्टरकडे नेण्याचा आणि डॉक्टरला रक्त घेण्याचा अधिकार मिळाला. पाठोपाठ नियम आले, 'अ', 'ब', 'क' हे फॉर्म आले आणि स्पिरिट न लावण्याची ताकीद आली. ब्रिटनने गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आकड्यात बांधली ती १९६७ साली, १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अशी. मुंबई राज्याच्या कायद्यात आकडा आठ वर्षं आधी आला आणि तो कडकही होता.

मात्र तो आकडा रस्त्यावरच्या माणसासाठी आलेला नव्हता. तो दारूबंदी टिकवण्यासाठी आला. जीपखाली सापडलेल्या तिघांचं पुढे काय झालं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे उरलाच नव्हता. उरला होता फक्त पिण्याचा. माझ्या मते या कायद्याचा सगळा पुढचा प्रवास याच एका गोष्टीने वाकडा झाला. आपण पिणाऱ्याकडे पाहत राहिलो आणि ज्याला धक्का लागला तो कागदांच्या बाहेर राहिला.

मोटारींचा कायदा वेगळा, १९३९ चा. त्याचं ११७ वं कलम इंग्लंडच्या १९३० च्या कायद्याच्या वळणावर बेतलेलं होतं. दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत झिंगलेला असेल, तर चालक दोषी. वाचायला सोपं, सिद्ध करायला महाकठीण. 'इतपत' म्हणजे किती, हे कोण सांगणार? १९७१ साली मुंबईतल्याच एका खटल्यात, बचूभाई करियाणी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तोंडाचा वास, लटपटती चाल, विसंगत बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना हे शिकवलं गेलं ते इशारा म्हणून : तुम्ही कितीही बारीक वर्णन लिहा, रक्त घेतलं नसेल तर ते वाया गेलं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दुसरं टोक गाठलं. कलम १८५ च्या मूळ शब्दांत रक्तातलं अल्कोहोल कितीही थोडं असलं तरी गुन्हाच होता. १९९४ च्या दुरुस्तीने आजची रेषा आखली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेव्हा तेही ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या चाचणीत आढळलेलं. तेव्हा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २०३ श्वासाच्या चाचणीचं, २०४ रक्ताचं. कलम २०२ मध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे वकिलांचं लक्ष असतं आणि सामान्य माणसाचं नसतं : या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं.

दोन तासच का? शरीर थांबत नाही म्हणून. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल कमी करत असतं. मध्यरात्री ५५ असलेला माणूस पहाटे दोनला रेषेच्या आत आलेला असू शकतो. पंचनामा, नातेवाइकांचे फोन, गाडी बाजूला काढणं, पोलीस ठाण्यातून रुग्णालयापर्यंतचा रस्ता, या सगळ्यात दोन तास सहज जातात. म्हणून मी केसपेपरवर सगळ्यात आधी वेळ लिहायचे, नाव नंतर.

हमरस्त्यावरच्या रुग्णालयात हे काम बहुतेक मध्यरात्रीनंतर यायचं. हवालदार आत येऊन पोलीस यादी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, एकशे पंच्याऐंशी आहे." त्यांच्या मागे खांदे पाडून उभा असलेला माणूस कधी ट्रकचा ड्रायव्हर असायचा, कधी लग्नाहून परतणारा जीपवाला, कधी चांगल्या कपड्यातला, फोनवर कुणाशी तरी सतत बोलणारा. लाख वितळवायला मेणबत्ती पेटवावी लागे आणि पंखा बंद करावा लागे, नाहीतर ज्योत टिकत नसे. उन्हाळ्यात त्या खोलीत घामाने हात निसटायचे. लाल लाख बुचावर थेंबाथेंबाने पडायची. पितळी मोहोर थोडी ओली करून दाबली की ठसा स्वच्छ उठतो, कोरडी दाबली की लाख तिला चिकटून येते. हे मला आमच्या रुग्णालयातल्या जुन्या शिपाईमामांनी शिकवलं, कुठल्याही पुस्तकात ते नाही. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर धक्का लागलेल्याचे घरचे बसलेले असायचे. त्यांना वाटायचं आत आरोपीची बडदास्त चालली आहे. आतल्या त्या पाच सीसी रक्तावर त्यांच्या माणसाचा न्याय अवलंबून आहे, हे त्यांना कुणी सांगत नसे. मी बाहेर येऊन सांगायला लागले. एवढं तरी प्रत्येक डॉक्टरने करावं.

बल्बमधल्या औषधाचं म्हणाल तर त्यात पोटॅशियम ऑक्झलेट असतं, ते रक्त गोठू देत नाही, आणि सोडियम फ्लोराइड असतं. फ्लोराइड नसेल तर सूक्ष्म जंतू रक्तातल्या साखरेवर काम करून अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेलं खाऊन टाकू शकतात. म्हणजे न प्यायलेला अडकतो किंवा प्यायलेला सुटतो. आणि हेच बल्ब कितीतरी वेळा संपलेले असायचे. मागणीपत्रं जायची, स्मरणपत्रं जायची, उत्तर यायला महिने लागायचे. अशा रात्री शेजारच्या तालुक्यातून बल्ब मागवायला माणूस धाडला आहे मी. तोवर यकृत आपलं काम करतच असतं.

सीलबंद बाटली शिपाई एसटीने पुण्याच्या प्रयोगशाळेत घेऊन जायचा. जुन्या रासायनिक पद्धतीत रक्तातून निघालेलं अल्कोहोल डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात गेलं की ते हिरवट होतं आणि किती रंग बदलला त्यावरून प्रमाण काढतात. अहवालाला पोलीस 'सीए रिपोर्ट' म्हणतात. तो यायला वेळ लागायचा आणि साक्षीचं समन्स त्याहून उशिरा यायचं, तोवर आम्ही दोन-तीन बदल्या पार केलेल्या असायच्या. साक्षीच्या पिंजऱ्यात बचावाच्या वकिलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, इंजेक्शनआधी कातडीला काय लावलं होतं?" दुसरा, बल्बमध्ये काय होतं. तिसरा, सील कुणाच्या ताब्यात होतं. हे प्रश्न योग्यच आहेत. निरपराध माणूस अडकू नये म्हणून ते विचारलेच पाहिजेत. आपण त्यांची उत्तरं द्यायला तयार नसतो, दोष तिथे आहे.

याच दुव्यावर राज्यातला सगळ्यात गाजलेला खटला तुटला. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्रे येथील अपघातात पदपथावर झोपलेला एक जण मेला. अभिनेता सलमान खान यांना सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. गाडी तेच चालवत होते आणि त्यांनी दारू घेतली होती, हे दोन्ही सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालय म्हणालं. रक्ताचा नमुना कसा घेतला, कुठे ठेवला, कसा पोचवला, याची निकालात चिरफाड आहे. एका माणसाचा जीव गेला होता आणि तेरा वर्षांनी प्रश्न बाटलीच्या प्रवासापाशी येऊन थांबला.

दुसरा खटला मात्र वेगळ्या दिशेने गेला आणि त्याने महाराष्ट्रात खरा फरक पडला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यातल्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. तिथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेराच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली ती सहा महिन्यांची, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल. ते कलम ३०४ अ. भारतीय दंड संहितेत ते १८७० साली आलं, या देशात मोटार यायच्या कितीतरी आधी, आणि कमाल शिक्षा दोन वर्षं. सात जिवांना सहा महिने, यावर लोक खवळले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. नशेत बेदरकार गाडी हाकली तर माणसं मरू शकतात, ही जाणीव चालकाला असते, असं धरून. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या प्रकरणात पहिल्यांदा मला वाटलं की न्यायालयाची नजर पिणाऱ्यावरून हलून पदपथावर झोपलेल्याकडे गेली.

त्याच २००७ साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी रात्रीच्या नाकाबंदीत श्वासाची चाचणी नेमाने सुरू केली आणि दंडाधिकाऱ्यांनी काहींना थोड्या दिवसांची का होईना, प्रत्यक्ष कैद दिली. पकडले जाऊ ही भीती शिक्षेच्या आकड्यापेक्षा जास्त काम करते, हे मुंबईने दाखवलं. आमच्या तालुक्यांत मात्र तशी नाकाबंदी गणपतीत आणि एकतीस डिसेंबरला दिसायची, एरवी यंत्र कपाटात.

पुढचं सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं म्हटलं. लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, एप्रिल २०१७ पासून दुकानं बंद झाली, मग शहरांच्या हद्दींना सूट मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत आणि दुसऱ्याचा १५,००० पर्यंत गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची कमाल शिक्षा पाच वर्षं झाली. १८७० सालचा दोन वर्षांचा आकडा बदलायला दीडशे वर्षं लागली.

आणि त्याच वर्षी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांना उडवलं. चालक अल्पवयीन होता. बालन्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप उसळला. मला त्याहून जास्त लागलं ते आठवड्याने बाहेर आलेलं. सरकारी रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलला गेला असा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांना अटक केली. खटला न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण आरोप तरी कशाचा होता पाहा : १९५९ साली ज्या पाच सीसी रक्ताभोवती लाख, मोहोर आणि ठसा यांचं कुंपण घातलं, नेमक्या त्याच रक्ताचा.

म्हणून दंड आणखी वाढवा अशी मागणी मी करत नाही. मागणी इतकीच आहे की हमरस्त्यालगतच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात रात्री फ्लोराइडचे बल्ब, लाख आणि नमुने भरण्याची रीत शिकलेला माणूस हजर असावा, आणि रक्त घेताना कॅमेरा चालू असावा. वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली, तर दुःखात असतानाही तपास अधिकाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा : चालकाचं रक्त किती वाजता घेतलं, ते प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचलं आणि अहवाल केव्हा आला. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.